वीस टक्क्यांची तडजोड

मांसाचा ताजा काप मुळात लाल नसतो. सुरी फिरल्याबरोबर पाहिला तर तो जांभळट दिसतो. हवेतला ऑक्सिजन त्यातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला मिळाला की थोड्या वेळात तांबडा होतो आणि काही दिवसांनी तपकिरी. गिऱ्हाईक मात्र तांबड्याला हात घालतं आणि तपकिरी मागे सारतं. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी खाटीक डोळ्यांदेखत कापून देतो, आपण पिशवीत घेऊन घरी येतो, त्यामुळे या रंगाचा विचार कोणाला करावा लागत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर, गिऱ्हाइकाने स्वतः उचलून घ्यायची मांसाची दुकानं वाढू लागली, आणि तिथून वेष्टन हाच धंद्याचा कळीचा प्रश्न झाला. दुकानातल्या पाकिटाला आतला ओलावा धरून ठेवायचा असतो, पण ऑक्सिजन आत येऊ द्यायचा असतो. कत्तलखान्यातून दूरच्या गावी जाणाऱ्या मोठ्या तुकड्याला नेमकं उलटं लागतं: हवा पूर्ण बंद. शिवाय वेष्टन मांसाला घट्ट चिकटून बसलं पाहिजे, नाहीतर आत रस साचतो. आणि हाडाच्या टोकाने ते फाटता कामा नये.

या प्रत्येक गरजेतून एकेक शोध निघाला आणि प्रत्येक शोधावर पेटंटं निघाली. ताणून थंड केलेली प्लॅस्टिकची फिल्म गरम पाण्यात बुडवली की ती मूळच्या मापाकडे परत जायला बघते. पिशवी आकसून मांसावर कातडीसारखी बसते. तिच्या मध्ये ऑक्सिजन अडवणाऱ्या पदार्थाचा एक थर घालायचा, बाहेरचे थर चिवट ठेवायचे. हाताला एकच पापुद्रा लागतो, पण त्यात तीन, पाच, सात थर असतात. थरांचा क्रम, जाडी, घनता, ताणण्याचं प्रमाण, सगळ्यावर कोणाचा ना कोणाचा हक्क. अशा धंद्यात पेटंटचे खटले होणार हे उघड आहे, आणि खटले म्हटले की आपण लगेच म्हणतो, पैशांची नासाडी, वकिलांची चांदी, मिटवून टाका.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढला जातो तेव्हा समाजाला काही तरी मिळतं. दोन प्रतिस्पर्धी बंद दाराआड तो मिटवतात तेव्हा त्याची किंमत तिसराच कोणी भरतो, आणि ती भरतोय हे त्याला कळतही नाही. वेष्टनाच्या धंद्यातली दोन प्रकरणं शेजारी ठेवली की हे स्पष्ट दिसतं. एक मिटलं, एक लढलं गेलं.

मिटलेलं प्रकरण सेलोफेनचं. सेलोफेन ताणलं जात नाही, आकसत नाही. पण आजच्या मांसाच्या पाकिटाचा तो पूर्वज. जाक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाने लाकडाच्या लगद्यापासून ही पारदर्शक फिल्म बनवली. अमेरिकेतले हक्क १९२३ मध्ये द्यू पाँ कंपनीकडे आले. पण साध्या सेलोफेनमधून ओलावा निसटायचा, आणि खाद्यपदार्थांना तेच चालत नाही. १९२७ मध्ये द्यू पाँच्या प्रयोगशाळेत विल्यम हेल चार्च याने त्यावर एक अतिपातळ लेप चढवून ओलावा अडवला. त्याचं पेटंट १९२९ मध्ये मिळालं आणि सेलोफेनचा खरा धंदा तिथून सुरू झाला. मांसासाठी पुढे एकाच बाजूने लेप दिलेली जात निघाली: लेप नसलेली बाजू ओल्या मांसाला लावायची, म्हणजे ती ऑक्सिजन आत घेते आणि काप तांबडा राहतो. इतकी साधी युक्ती, आणि इतकी हुशारीची.

दरम्यान सिल्व्हेनिया नावाची दुसरी कंपनी अमेरिकेत उभी राहिली होती. तिचे धागे बेल्जियममधल्या सेलोफेन कारखान्याशी जुळलेले होते. तिनेही ओलावा अडवणारी फिल्म काढली. द्यू पाँने पेटंटभंगाचा दावा लावला. न्यायालयात चार्चच्या पेटंटची कसोटी लागणार होती: त्याचे दावे अवाजवी रुंद आहेत का, हा लेप खरंच नवा आहे का, सिल्व्हेनियाची फिल्म त्यात बसते का. या प्रश्नांची उत्तरं फक्त त्या दोन कंपन्यांच्या कामाची नव्हती. ओलावा अडवणारी फिल्म बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाला ती हवी होती.

उत्तरं मिळालीच नाहीत. १९३३ मध्ये तडजोड झाली. सिल्व्हेनियाने पेटंट मान्य केलं आणि परवाना घेतला. विक्रीवर २ टक्के रॉयल्टी, इथपर्यंत सगळं रीतसर. पुढची अट मात्र नीट वाचण्यासारखी आहे. दोघांच्या एकूण विक्रीत सिल्व्हेनियाचा वाटा २० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. ही मर्यादा दरवर्षी थोडी वाढत १९४२ पर्यंत २९ टक्के होणार. त्याहून जास्त विकलं तर जादा मालावर पौंडामागे २० सेंट किंवा किमतीच्या ३० टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते द्यू पाँला द्यायचं. १९४० च्या सुमारास सेलोफेनचा भाव पौंडाला चाळीस सेंटच्या आगेमागे होता. म्हणजे मर्यादेपलीकडच्या प्रत्येक पौंडाची निम्मी किंमत प्रतिस्पर्ध्याच्या खिशात. एवढं देऊन कोण जास्त माल काढेल? ही रॉयल्टी वसूल करण्यासाठी नव्हतीच. सिल्व्हेनियाने जास्त माल काढू नये यासाठीच ती लावली होती.

पेटंट खरं असेल तर त्याच्या मालकाला कोणालाच परवाना न देण्याचाही हक्क आहे, मग थोडा दिला तर बिघडलं काय, असं इथे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण तो 'खरं असेल तर' या तीन शब्दांवर उभा आहे. पेटंट कार्यालयाने दिलेला कागद हा शेवटचा निवाडा नसतो. परीक्षकाकडे वेळ थोडा, विरुद्ध बाजू मांडायला समोर कोणी नाही, आणि अर्जदाराचा वकील पगारी. त्या कागदाची खरी परीक्षा होते ती कोणी तरी पुढे येऊन 'हे नवं नाही' किंवा 'माझा माल यात बसत नाही' असं म्हणतो तेव्हा. सिल्व्हेनिया ते म्हणायला उभी होती आणि तिला गप्प बसण्यासाठी बाजारातला पाचवा हिस्सा मिळाला.

ती का गप्प बसली, हे समजून घेतलं पाहिजे, कारण तिथेच सगळा पेच आहे. समजा सिल्व्हेनिया लढली असती आणि पेटंट रद्द झालं असतं. खर्च तिचा, जोखीम तिची, आणि फायदा? रद्द झालेलं पेटंट सगळ्यांसाठीच रद्द. दुसऱ्या दिवशी चार नवे कारखाने निघाले असते, भाव उतरला असता आणि जिंकलेल्या सिल्व्हेनियाच्या वाट्याला कदाचित तडजोडीपेक्षा कमी नफा आला असता. म्हणजे हरणं तोट्याचं आणि जिंकणंही फारसं फायद्याचं नाही. मिटवण्यात मात्र दोघांचंही भलं: एकाचं पेटंट न तपासता शाबूत राहतं, दुसऱ्याला कुंपणाच्या आत जागा मिळते. या हिशेबात फक्त तो माणूस नाही, जो पाकिटासकट मांस विकत घेतो. या दोन कंपन्यांत कोणी दुष्ट होतं म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. पेटंटला आव्हान देणं हे सार्वजनिक काम आहे आणि आपण ते खाजगी स्वार्थावर सोडून दिलं आहे, म्हणून हे झालं.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने या दुखण्याचे काही तुकडे पुढे ओळखले. १९६९ च्या लिअर विरुद्ध ॲडकिन्स खटल्यात त्याने सांगितलं की परवाना घेतलेल्या माणसालाही त्या पेटंटच्या वैधतेवर बोट ठेवता येतं. जुना नियम होता की ज्याच्याकडून परवाना घेतला त्याच्या हक्काला आव्हान द्यायचं नाही. तो नियम मोडला. कारण न्यायालयाने साधं दिलं: पुष्कळदा परवानाधारकच असा एकटा असतो, ज्याला आव्हान देण्यात आर्थिक रस असतो. त्याचं तोंड बंद केलं तर लोक विनाकारण मक्तेदारीचा खंड भरत राहतील. हा विचार १९३३ मध्ये कोणी केला असता तर!

सेलोफेनचं प्रकरण न्यायालयात पोचलं खरं, पण वेगळ्या वाटेने. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकी सरकारने द्यू पाँवर मक्तेदारीचा खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५६ मध्ये आला, चार विरुद्ध तीन. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सेलोफेनपैकी जवळजवळ ७५ टक्के द्यू पाँचं होतं. पण बहुमताने बाजार मोजताना सेलोफेनबरोबर मेणकागद, ग्लासीन नावाचा गुळगुळीत कागद, ॲल्युमिनियमची फॉइल, इतर फिल्मा असं सगळं लवचीक वेष्टन एकत्र धरलं. त्यात सेलोफेन २० टक्क्यांहून कमी भरलं. मांस आणि कोंबडीच्या वेष्टनात त्याचा वाटा ३५ टक्के होता, बाकीचं काम इतर वेष्टनं करत होती, म्हणून मक्तेदारी नाही. बाजारावर ताबाच नाही म्हटल्यावर तो ताबा कसा मिळवला, तडजोड कशी झाली, हे तपासायची गरज उरली नाही.

मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि तसं मानणारा मी एकटा नाही. अर्थशास्त्रात या चुकीला सेलोफेनचंच नाव चिकटलं आहे. निकालपत्रातच नोंद आहे की क्षेत्रफळाच्या हिशेबाने सेलोफेन ग्लासीनच्या दोन-तीन पट महाग पडत होतं. लोक तरीही ते घेत होते. दुप्पट-तिप्पट भाव देऊनही जे सोडवत नाही, त्याला स्वस्त कागद पर्याय होता असं कसं म्हणायचं? आणि मक्तेदार भाव चढवत जातो तेव्हा एका टप्प्यावर काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्या वस्तूकडे वळतातच. तो टप्पा गाठल्यावर मोजमाप केलं तर प्रत्येक मक्तेदारासमोर स्पर्धा दिसेल. वेगळं मत देणारे तीन न्यायमूर्ती, वॉरन, ब्लॅक आणि डग्लस, यांनी एक बारकावा टिपला होता: द्यू पाँने भाव बदलला की सिल्व्हेनिया तो ताबडतोब बदलायची, इतकी की आपल्या भावपत्रकावर तारीखही मागची टाकायची. मेणकागदवाल्यांनी असं काही केल्याचं दिसत नाही. खरी जोडी कोणाची होती, हे त्या तारखांवरून कळतं.

आता लढलेलं प्रकरण. १९६७ मध्ये आयोवा बीफ पॅकर्सने अख्खी धडं रेल्वेने पाठवण्याऐवजी मांस कारखान्यातच कापून, निर्वात पिशव्यांत भरून, खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली. अमेरिकी मांसधंद्याचा नकाशाच त्याने बदलला, आणि आकसणाऱ्या पिशवीची मागणी प्रचंड वाढली. या पिशवीत सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी हवा शिरते आणि माल जातो. म्हणून चिवटपणा महत्त्वाचा. ऐंशीच्या दशकात व्हिस्केस कंपनीने अतिशय कमी घनतेचं पॉलिएथिलीन वापरून भोक न पडणारी आकसणारी फिल्म बनवली आणि पेटंटं घेतली. अमेरिकन नॅशनल कॅन ही प्रतिस्पर्धी कंपनीही त्याच जातीचं प्लॅस्टिक वापरते म्हणून व्हिस्केसने शिकागोच्या न्यायालयात दावा लावला. १९९६ मध्ये ज्युरीने दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली.

प्रकरण अपिलात गेलं आणि २००१ मध्ये फेडरल सर्किट या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयासमोर जे प्रश्न आले, त्यांतला एक शाळेतल्या गणितासारखा आहे. पेटंटात प्लॅस्टिकची घनता ०.९१ च्या खाली असं म्हटलं होतं. मग ०.९१२ घनतेचं प्लॅस्टिक त्यात येतं का? दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केलं तर ०.९१२ म्हणजे ०.९१च, असा व्हिस्केसचा युक्तिवाद. खालच्या न्यायालयाने तो मानला होता. अपील न्यायालयाने नाकारला. पेटंट मिळवताना आधीच्या प्लॅस्टिकपासून आपलं वेगळं आहे हे दाखवायला हीच घनतेची रेघ पुढे केली होती. मग मिळाल्यावर ती रेघ पूर्णांकनाने सरकवता येणार नाही.

हजारांशाचा फरक. बाहेरच्याला वाटेल, एवढ्यासाठी इतकी वर्षं? पण प्लॅस्टिकच्या गोण्या घनतेच्या तिसऱ्या आकड्यावरच विकल्या जातात. पिशवी बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आता ठाऊक झालं की कुंपण कुठे आहे आणि कुंपणाबाहेरची कोणती जमीन मोकळी आहे. पेटंट म्हणजे शेवटी सौदाच आहे: तू तुझा शोध सगळ्यांना उघड करून सांग, आम्ही तुला ठरावीक वर्षं मक्ता देऊ. त्या सौद्यात कोणता आकडा लिहिला आहे हे जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे. व्हिस्केसच्या खटल्यात तो आकडा न्यायालयात, वाचता येईल अशा निकालपत्रात ठरला. द्यू पाँ-सिल्व्हेनियाच्या प्रकरणात आकडा ठरला तो २० टक्क्यांचा, आणि तो कारखान्यांच्या बैठकीत ठरला.

खटले महाग असतात, छोट्या उद्योजकाला ते परवडत नाहीत, हे मला मान्य आहे. पेटंटधारक मोठा आणि समोरचा लहान असेल तर नुसत्या नोटिशीने लहान कारखाना बंद पडतो, तिथे 'लढ' म्हणणं निर्दयपणाचं. साधी रॉयल्टी देऊन माल काढत राहणं, हीसुद्धा पुष्कळदा सरळ तडजोड असते. माझा आक्षेप तडजोडीतल्या दोनच गोष्टींना आहे: किती माल काढायचा यावरची मर्यादा, आणि पेटंटला पुन्हा कधी आव्हान न देण्याचं वचन. या दोन गोष्टी आल्या की ती तडजोड राहत नाही, बाजाराची वाटणी होते. औषधांच्या बाबतीत अमेरिकेला हे उशिरा का होईना उमगलं. २००३ च्या कायद्याने औषध कंपन्यांना पेटंटच्या तडजोडी सरकारी यंत्रणांकडे दाखल करायला लावल्या, आणि २०१३ मध्ये ॲक्टाव्हिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेटंटची तडजोड स्पर्धा कायद्याच्या तपासणीतून आपोआप सुटत नाही. पण दाखल करण्याची ती सक्ती औषधांपुरतीच. मांसाच्या पिशवीला ती लागू नाही.

आपल्याकडे काय? आपला १९७० चा पेटंट कायदा या बाबतीत बराच शहाणा आहे. त्याचं कलम १४० परवान्यातल्या काही अटी थेट बेकायदा ठरवतं, आणि पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नये ही अट त्यांत आहे. कलम २५ प्रमाणे पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही माणूस विरोध नोंदवू शकतो. या 'कोणीही' शब्दाची ताकद मुंबईने पाहिली आहे. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेक औषधाच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. अर्ज २००६ मध्ये चेन्नईत फेटाळला गेला आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानेही औषधाच्या मालक कंपनीचं, नोव्हार्टिसचं, म्हणणं नाकारलं. रुग्णांच्या संघटनेला बाजारातला पाचवा हिस्सा देऊ करून गप्प बसवता येत नाही. तिला विकायलाच काही नसतं. म्हणून असा विरोधक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आणि म्हणूनच २०२४ च्या नव्या नियमांनी या विरोधावर शुल्क लावलं, आणि तो ऐकण्याजोगा आहे की नाही हे आधी ठरवायचा अधिकार पेटंट नियंत्रकाला दिला, हे मला खटकतं. खोटे विरोध होतात, अर्ज लांबतात, हे कारण खरं असेल. पण दार अरुंद केलं की आधी अडतो तो पैसे नसलेला माणूस.

त्याहून मोठी खोट कलम ६९ मध्ये आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पेटंटच्या परवान्याची नोंद पेटंट कार्यालयात होते. पण पेटंटधारकाने किंवा परवानाधारकाने नुसती विनंती केली तर त्याच्या अटी गुप्त ठेवल्या जातात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या कोणाला दिसत नाहीत. म्हणजे कलम १४० ने बेकायदा ठरवलेली अट करारात घातली आहे की नाही, हे पाहायलाच वाट नाही. दोघेही करारावर खूश असतील तर न्यायालयात जाणार कोण?

साध्या परवान्यांचे भाव गुप्त राहिले तर माझी हरकत नाही. पण ज्या परवान्याच्या आधी पेटंटभंगाचा दावा किंवा पेटंटला विरोध दाखल झाला होता, त्याच्या बाबतीत ही गुप्ततेची सोय काढून टाकली पाहिजे. असा करार स्पर्धा आयोगाकडेही आपोआप गेला पाहिजे, कोणी तक्रार करण्याची वाट न बघता. कोणत्या धंद्यातला आहे, औषधाचा की पिशवीचा, याने फरक पडता कामा नये. त्यासाठी नवा कायदा नको, कलम ६९ मध्ये एक परंतुक पुरे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात पेटंटच्या परवान्यांबाबत पेटंट कायद्याला स्पर्धा कायद्याच्या वरचं स्थान दिलं, आयोगाची चौकशी थांबवली. आयोगाचा हात असा आखडला असताना तर हे परंतुक पेटंट कायद्यातच यायला हवं.

१९३३ चा तो करार, त्यातली २० टक्क्यांची मर्यादा आणि २० सेंटांचा दंड, हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, कारण सरकारने खटला भरला आणि द्यू पाँची कपाटं उघडली गेली. चार्चचं पेटंट १९२९ चं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने त्याची मुदत १७ वर्षांची, म्हणजे १९४६ पर्यंत. सरकारची फिर्याद दाखल झाली १९४७ च्या डिसेंबरात.